लिंबोणीखालचं तणस

पूर्व विदर्भातला सडक अर्जुनी हा धानाचा मुलूख. मुंबई-कोलकाता महामार्ग इथून धडधडत जातो. पण रस्ता सोडून थोडं आत वळलं की बांध्या, बोड्या आणि पलीकडे नवेगाव-नागझिऱ्याचं रान. संत्र्याचं वैभव पश्चिमेला, काटोल-वरुडच्या बाजूला. इथं बहुतेकांना ठाऊक असते ती विहिरीजवळ, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली लिंबोणी. कुणी हौसेनं धुऱ्याकाठी आणखी काही झाडं लावतं, एवढंच. बाग म्हणावी असं काही नसतं, पण किडीला ते कोण सांगणार?

पालवी फुटली की लिंबावरच्या फुलपाखराची अळी हजर. लहान असताना पाखराची शीट वाटावी अशी, मोठी झाली की पानाच्याच रंगाची. बोट लागलं की डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग उगारते आणि उग्र वास सोडते. एवढ्याशा जिवाचा रुबाब पाहून हात आपोआप मागे येतो. बेल, कवठ, कढीलिंब ही सगळी लिंबोणीचीच भावकी. रानातल्या बेलावर वाढलेल्या फुलपाखराला परसातली लिंबोणी परकी कशी वाटेल? या अळीच्या मागोमाग पानात रुपेरी नागमोडी वाट कोरणारी नागअळी येते, पानांवर काजळी धरवणारी कोळशी येते.

आणि समोर, खळ्यात, धानाचं उरलंसुरलं पडलेलं असतं. शंभर किलो धान भरडलं तर वीसेक किलो तूस निघतं. ते जळल्यावर उरणारी राख म्हणजे बहुतांशी सिलिका. सकाळच्या दवात कोवळ्या पानांवर राख धुरळायची रीत जुनी आहे. मऊ अंगाच्या माव्याला तो खरखरीत कण सोसत नाही. तणसाचं काम वेगळं. ते कीड मारत नाही, किडीच्या शत्रूंना घर देतं. आळ्यात पसरलेल्या तणसाखाली ओल टिकते, तण दबतं आणि कोळी वस्तीला येतात. मात्र ते खोडाला भिडवायचं नाही. सततच्या ओलीनं डिंक्या बळावतो. अगदी सुकं ठेवलं तर उधई धावून येते. तणसालाही मर्यादा कळाव्या लागतात, त्या आपणच शिकवायच्या.

उरलेलं गोठा देतो. शेण, गोमूत्र आणि कडुनिंब, निरगुडी, करंज, सीताफळ, रुई, एरंड, घाणेरी, पपई, कण्हेर, गुळवेल असा पाला दोनशे लिटर पाण्यात महिनाभर कुजला की दशपर्णी अर्क तयार. निंबोळ्या तर झाडाखाली फुकट सडत असतात. त्यांचं पाच किलो चूर्ण रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्याला पुरवलं की पाच टक्के अर्क होतो. अळी लहान आहे तोवर तो कामाचा. अळीनं शेंडे बोडके केल्यावर फवारून काय उपयोग?

या दहा पानांतली गुळवेल मला नेहमी थबकवते. संत्रा-मोसंबीत रात्री सोंड खुपसून रस शोषणारा जो पतंग आहे, त्याच्या अळ्या वाढतात गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. जी वेल कीड हटवायला पिंपात जाते, तिच्याच अंगाखांद्यावर ही कीड लहानाची मोठी होते. म्हणून बागायतदार बागेभोवतीच्या या वेली काढतात, संध्याकाळी ओलासुका पालापाचोळा पेटवून धूर करतात, गळलेली फळं वेचून पुरतात. रानाला लागून बाग असणाऱ्याला हा हिशोब सुटत नाही. निसर्ग आपल्या बाजूचा नाही, विरुद्धही नाही. तो फक्त सगळ्यांचा आहे.

किडीला किडीकरवीच आवरता येतं, हे माणसानं फार पूर्वी ओळखलं होतं. दक्षिण चीनमध्ये लिंबूवर्गीय झाडांवर सोडण्यासाठी लाल मुंग्यांची घरटी पिशव्यांतून बाजारात विकली जात. त्याची नोंद इ. स. 304 च्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात आहे. 1888 साली कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा एका पांढऱ्या किडीनं संपत आल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातून आणलेल्या इवल्या ढालकिड्यानं त्या वाचवल्या. आणि आपल्या विदर्भात, 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करता करता शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दगावले. ढालकिडा, कोळी, मुंगी यांच्यापैकी कुणाच्याच हाताखाली काम करताना माणूस मरत नाही.

तरी अर्क म्हणजे जादू नव्हे. राख पावसात वाहून जाते, अर्क उन्हात विरतो, तणस कुजून माती होतं. पुन्हा झाडाजवळ जावं लागतं, पान उलटून पाहावं लागतं. मला वाटतं, खरी राखण त्या पाहण्यातच आहे. विषाची बाटली पाहण्याची गरज संपवते. टाकाऊतून केलेलं औषध ती रोज नव्यानं लावून देतं. चार अळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात. त्या नसतील तर कोळ्यानं आणि पाखरानं आपल्या झाडावर यायचं कशाला?

तेव्हा औंदा मळणी झाल्यावर बांधीतल्या तणसाला काडी लावण्याआधी त्यातलं दोन कवळं बाजूला काढा आणि लिंबोणीच्या आळ्यात पसरा. फक्त खोडापासून हातभर लांब.