आमची नागपूरची पहिली स्वतंत्र वारी

नागपूर तुमचे कोण, असा प्रश्न कोणी केला तर सौंसर-पांढुर्ण्याकडील माणूस क्षणभर घोटाळतो. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते आमच्या प्रांताची राजधानी होते. दुसऱ्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आमचे सरकारी कागद भोपाळकडे जातात. लग्नाचा बस्ता, चष्म्याचा नंबर आणि मोठे दुखणे मात्र नागपूरच्या वाटेने जाते. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले, तरी ही वाट बदलली नाही.

त्या शहरी आम्ही लहानपणापासून कित्येकदा गेलो आहो. परंतु ते जाणे म्हणजे वडीलधाऱ्यांचे बोट धरून जाणे. बोट धरून हिंडणाऱ्यास शहर दिसते ते किती? पुढच्या माणसाची पाठ आणि हातातील पिशवी! त्यामुळे २०२४ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हां तिघी मैत्रिणींस कोणाही मोठ्या माणसावाचून नागपूरला जावे लागले, तेव्हा जणू एका नव्याच गावी आम्ही निघालो होतो.

प्रसंग हौसेचा नव्हता. आमच्यातील एकीची आई नागपूरच्या एका रुग्णालयात होती व दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर शस्त्रक्रिया ठरली होती. रात्री बाबांचा फोन आला, की तीन वर्षांपूर्वीच्या तपासण्यांचे कागद आणि आयुष्मान कार्ड घरच्या पेटीत आहे, ते उद्या दुपारपर्यंत हाती पडले पाहिजे. आईला सोडून त्यांना येता येईना. आजीला गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नाही. राहता राहिले काका. ते पांढुर्ण्यास राहतात, आणि तो दिवस गोटमारीचा!

बाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण बांधतात, आणि दोन्ही तीरांवरचे लोक एकमेकांवर गोटे फेकतात. पांढुर्ण्याच्या बाजूने झाड तोडून निशाण आणावयाचे, सावरगावने ते राखावयाचे. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. त्या दिवशी गावात शिरणे कठीण व गावातून निघणे त्याहून कठीण. काका अडकले. आता मौज पाहा. ज्या शेजारणींची मुले सकाळीच गोटे वेचावयास नदीवर गेली होती, त्याच आम्हांस म्हणू लागल्या, “नागपुरात पोरी एकट्या कशा जातील? केवढे धोक्याचे शहर!” घरचा गोटा डोक्यात बसला तरी तो ओळखीचा असतो, एवढाच काय तो फरक असावा.

निर्णय लागला तो मामांच्या फोनने. हे मामा आता इंदूरला असतात, पण पूर्वी सात वर्षे आफ्रिकेत नैरोबीस एका कारखान्यात नोकरीला होते. नैरोबी हे शहर १८९९ मध्ये मोंबासाहून येणाऱ्या लोहमार्गाचा तळ म्हणून वसले. तो मार्ग बांधण्यास हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते, आणि दुकानाला तेथील स्वाहिली भाषेत आजही ‘दुका’च म्हणतात. स्वतंत्र भारताने १९४८ साली पूर्व आफ्रिकेत आपला पहिला आयुक्त म्हणून पाठविले तेही औंधचे अप्पासाहेब पंत, म्हणजे आपले मराठीच. असो. मामा तेथे पोचले तेव्हा सोबत्यांनी त्यांना बजावले होते, की एकट्याने बाहेर पडू नका, लुटले जाल. दोन महिने त्यांनी कारखाना आणि खोली यांखेरीज काही पाहिले नाही. मग एका रविवारी ते तेथील लहान खाजगी बसमध्ये, ज्यांना ‘मटाटू’ म्हणतात त्यांपैकी एकीत, एकटेच बसले. कानठळ्या बसविणारे गाणे चालू होते, शेजारच्या बाईने मांडीवरची टोपली सरकवून जागा दिली, आणि जीवनजी बागेपाशी उतरून त्यांनी बाकावर बसून भुईमुगाचे दाणे खाल्ले. त्या दाण्यांची चव ते अजून सांगतात. पुढे एकदा अशाच गाडीच्या खिडकीतून त्यांच्या हातचा फोन कोणी हिसकावून नेला, तेही सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगतात, हे आम्हांस फार आवडते.

त्या रात्री ते आजीला म्हणाले, “जाऊ द्या पोरींना.” आणि आम्हांस म्हणाले, “फोन खिडकीशी काढू नका. जो आपणहून वाट दाखवायला येतो त्याच्यामागे जाऊ नका. जो आपल्या जागी बसून धंदा करतो त्याला विचारा. आणि चुकामूक झाली तर कोठे भेटायचे, ते आधी ठरवा.” तिघींत फोन एकच होता. म्हणून बाबांचा क्रमांक आणि पोलिसांचा ११२ आम्ही तिघींनीही तळहातावर शाईने लिहून घेतला.

सकाळच्या बसने निघालो. आजी सांगते, पूर्वी सौंसरवरून अडीच फुटी रुळांची छोटी गाडी नागपूरला जाई. ती २०१५ च्या अखेरीस बंद झाली व तेथे आता मोठी लाईन झाली आहे. आम्हांस मात्र बसचीच वेळ सोयीची होती. केळवद गेले, सावनेर गेले. कंडक्टरने “कोणासोबत?” म्हणून विचारले, तेव्हा “आम्ही आमच्यासोबत” हे उत्तर आमच्यातील धाकटीच्या तोंडून गेले आणि मागच्या बाकावरील मंडळी हसली. तिकिटाचे पैसे स्वतः मोजून देण्यात एवढा आनंद असेल असे आम्हांस वाटले नव्हते.

नागपुरात उतरतो न उतरतो तोच एक सद्‌गृहस्थ पुढे झाले. स्वच्छ सदरा, गोड बोलणे. रुग्णालयाचे नाव घेऊन ते म्हणाले, “तेथेच ना? आज मिरवणुकीमुळे तिकडचा रस्ता बंद आहे. माझी गाडी आहे, आतल्या वाटेने सोडतो.” आम्ही चकितच झालो, यांस कसे कळले? मग ध्यानी आले, की फायलीच्या पुठ्ठ्यावर ते नाव ठळक छापले होते. ज्येष्ठ मैत्रिणीने फाईल उलटी छातीशी धरली, “आमचे बाबा येताहेत” म्हणून सांगितले, आणि आम्ही सरळ पलीकडे पेरू विकणाऱ्या म्हातारीपाशी गेलो. गृहस्थही मागोमाग आले व चार पावलांवर उभे राहिले. पाय लटपटत होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

म्हातारीने आमच्याकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले. “तो मानूस तुमच्या संगं हाय काय वं?”

“नाही, मावशी.”

“मंग बसा अथी. पेरू खा.”

पेरू खाऊन होईपर्यंत गृहस्थ दिसेनासे झाले. ते खरोखर परोपकारी असतील तर त्यांच्यावर अन्याय झाला. पण तो करावयास आम्ही पुन्हाही तयार आहो. रस्ता बंद असल्याचे म्हातारीला ठाऊक नव्हते. मेट्रोने जा, एवढे तिने सांगितले व सिताबर्डीची दिशा दाखविली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी व पिवळी अशा दोन प्रचंड मूर्ती आणि सोबत बडगे गावभर फिरवून रोगराई शहराबाहेर नेतात. मिरवणूक इतवारी-महालाकडची, पण तिची गर्दी सिताबर्डीच्या स्थानकापर्यंत आली होती. नागपूरची मेट्रो २०१९ च्या मार्चपासून धावते. आमच्यापैकी एकीनेही तोवर तीत पाय ठेवला नव्हता. सरकत्या जिन्यावर पहिले पाऊल टाकताना तिघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. वर पोचताच किल्ल्याची टेकडी दिसली. १८१७ ची लढाई ज्या टेकडीवर झाली म्हणून इतिहासात पाठ केले, ती ही! कोणी ‘चला, उशीर होतो’ म्हणणारे नव्हते, म्हणून आम्ही दोन मिनिटे उभ्या राहून ती पाहिली.

गाडी आली. लोंढा आला. दोघी आत ओढल्या गेल्या, तिसरी बाहेर राहिली आणि दारे मिटली. फोन आत आणि फाईल बाहेर! काचेपलीकडे तिचा चेहरा दिसला व मागे गेला. मात्र ठरलेले होते: पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्थानकावर उतरून फलाटावर थांबावयाचे, मागे राहिलेलीने पुढील गाडीने यावयाचे, जागा सोडावयाची नाही. झाशी राणी चौकात आम्ही उतरलो. तेथील घड्याळाचा काटा पुढे सरकतच नव्हता. जिच्या आईची फाईल होती ती एक शब्द बोलली नाही, फक्त तळहातावरील शाई अंगठ्याने घासत राहिली. पुढची गाडी आली, दारे उघडली, आणि आमची धाकटी फाईल पोटाशी धरून सर्वांत आधी बाहेर पडली. “मला बसायला जागा मिळाली,” एवढेच ती म्हणाली. तिघी फलाटावरच रडलो आणि लगेच हसलो. पहाऱ्यावरचे दादा चौकशीस आले, त्यांना काय सांगावे ते सुचेना.

बारा वाजण्यापूर्वी कागद डॉक्टरांच्या टेबलावर होते. आईने आम्हांस पाहून प्रथम विचारले, “सोबत कोण आले?” बाबा काही बोलले नाहीत, खाली जाऊन तिघींसाठी चहा-बिस्किटे घेऊन आले, आणि पाहुण्यांना देतात तसे पेले आमच्या हाती दिले.

उजेड असतानाच आम्ही परतीची बस धरली. काकांचा फोन आला, की गोटमार संपत आली आहे व आपण सुखरूप आहो. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया नीट पार पडली. सौंसरला उतरलो त्या संध्याकाळी उरलेले एकशे चाळीस रुपये आजीच्या हाती ठेवले. तिने ते दोनदा मोजले, कनवटीला लावले आणि विचारले, “गुरुवारी डबा पोचवा लागते. जाता काय वं?”