मनाचा व्यायाम आणि मी

व्यायाम म्हणून मी आजवर केलेली एकमेव गोष्ट म्हणजे शिक्के मारणे. गेली बावीस वर्षे मी बँकेत क्लार्क आहे आणि माझा उजवा दंड डाव्यापेक्षा किंचित जाड आहे, असे आमच्या सौभाग्यवतींचे निरीक्षण आहे. तेव्हा डॉक्टरांनी जेव्हा मला "व्यायाम करा" असे सांगितले, तेव्हा मी नम्रपणे उजवा दंड पुढे केला.

"तो नाही हो. मनाचा!"

तक्रार झोपेची होती. रात्री दोनला जाग यायची आणि मी छताकडे बघत कॅश मोजत बसायचो. दिवसा जुळलेली कॅश रात्री हमखास चाळीस रुपयांनी कमी भरायची. डॉक्टर म्हणाले, "गोळी देत नाही. डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा, लहानपणची एखादी चांगली आठवण घ्यायची आणि तिच्यातून सावकाश चालायचे. जीव कासावीस झाला की तिथेच थांबायचे. दुसऱ्या रात्री तिथून पुढे."

"म्हणजे रिकरिंग डिपॉझिट," मी म्हणालो. बी. कॉम. माणसाला समजावून घ्यायची हीच पद्धत ठाऊक.

पहिल्या रात्री मी जन्मापासून निघालो तो अडीच मिनिटांत चालू महिन्याच्या पगारापर्यंत येऊन ठेपलो. पुढे काय करायचे ते सुचेना, म्हणून उठून पाणी प्यालो. दुसऱ्या रात्री माळीवाडा वेशीतून आत शिरलो. विशाल गणपतीला हात जोडले, कापडबाजारात आलो, तर तिथले सगळे दुकानदार आपापले खाते नंबर सांगू लागले. मोठा दगदगीचा प्रकार. डॉक्टर म्हणाले, "पळताय तुम्ही. एकच आठवण घ्या आणि लहान घास घ्या."

मग मी चांदबिबीच्या महालाची वाट धरली.

1988 सालची गोष्ट. मी आठ वर्षांचा. आमचे अण्णा पोस्टात. रविवारी सकाळी मला काळ्या सायकलच्या दांडीवर बसवून ते निघाले. गावाबाहेर पडल्यावर भुईकोट किल्ला लागतो. तिथे अण्णांनी एक पाय जमिनीवर टेकून मला इतिहास सांगितला. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद अशी सगळी मोठी माणसे इथे आणून कोंडली. नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. पण अण्णांचा खरा जीव मौलानांवर. ते पहाटे तीन-चारला उठायचे, बिनदुधाचा चिनी चहा स्वतः करायचे आणि हबीबुर रहमान खान शेरवानी या आपल्या मित्राला पत्रे लिहायचे. ती कधी टाकलीच नाहीत. पुढे 1946 साली 'गुबार-ए-खातिर' नावाने त्यांचे पुस्तक निघाले. "एवढी पत्रे," अण्णा हळहळून म्हणाले, "आणि एकालाही तिकीट नाही!" सॉर्टिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला चोवीस वर्षांचा तुरुंगही चालेल, पण बिनतिकिटाचे टपाल पाहवत नाही.

(पहाटे तीनला जागे असलेल्या मौलानांविषयी मला अलीकडे फारच आपुलकी वाटते. मोठेपणी ते पुस्तक वाचले तेव्हा कळले की एप्रिल 1943 मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्याला वारली, तेव्हा ते याच किल्ल्यात होते. सुटकेसाठी त्यांनी सरकारकडे शब्द टाकला नव्हता.)

तर, पुढे भिंगार, पाथर्डीचा रस्ता आणि मग चढ. चढावर अण्णा उतरले. मला म्हणाले, "तू बस. आता त्या लिंबापर्यंत. मग थांबू." लिंबापाशी थांबलो. घाम पुसला. "आता त्या पुढच्या लिंबापर्यंत." असा तो डोंगर त्यांनी लिंबालिंबाने चढवला. वर गेल्यावर कळले की चांदबिबीच्या महालात चांदबिबी नाहीच. ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर. म्हणजे ठेव एकाची आणि पासबुक दुसऱ्याच्या नावावर. आमच्या शाखेत असे चालत नाही.

पण वर गेलो ते तेव्हा. व्यायामात मात्र मी दुसऱ्या लिंबाच्या पुढे जाईना. तिथे थांबून अण्णा माझ्याकडे बघायचे आणि त्यांचा चेहरा एकदम 2016 चा व्हायचा. खाटेवर पडलेले अण्णा. "बाळ्या, एकदा चांदबिबीला जाऊन येऊ रे. रिक्षाने जाऊ." आणि मी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणतोय, "मार्च एंड होऊ द्या, अण्णा."

अण्णा सत्तावीस मार्चला गेले. त्या वर्षी आमच्या शाखेचा हिशेब पैशाला पैसा जुळला.

हे मी डॉक्टरांना सांगितले. ते जरा वेळ पेनाचे टोपण लावत-काढत बसले. मग म्हणाले, "पुढे जायची घाई करू नका. आठ दिवस तिथेच थांबा."

थांबलो. रोज रात्री दहा मिनिटे. पहिले काही दिवस वाईट गेले, हे कबूल करतो. पाचव्या-सहाव्या रात्री अण्णांचा चेहरा तसाच राहिला, पण मला बाकीचे दिसू लागले. सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधलेला दशम्यांचा डबा. अण्णांच्या टाचेला लागलेला चपलेचा खिळा. ते चढभर लंगडत होते, हे मला तेव्हा दांडीवर बसून दिसलेच नव्हते.

काल रात्री तिसऱ्या लिंबापाशी डोळा लागला.

सकाळी चहा पुढे ठेवत सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, रात्री झोपेत कुणाला सांगत होतात, 'तुम्ही बसा, सायकल मी धरतो' म्हणून?"