ग्रहणाचा हिशोब

माझं दुखणं सगळ्यात आधी कुणी ओळखलं असेल, तर गल्लीतल्या शिंपीकाकांनी! कॉलेजात असताना माप घेताघेता म्हणाले होते, "पोरी, तुझा डावा खांदा बोटभर वर आहे गं." मी हसून सोडून दिलं. पुढे पर्सचा पट्टा उजव्या खांद्यावर कधी टिकला नाही, कुर्ता एका बाजूने लोंबत राहिला, आणि घरात आईचं "पोक काढू नकोस" हे पालुपद चालूच...

गेल्या वर्षी, पंचेचाळिशीत, पाठदुखीने हैराण होऊन शेवटी एक्स-रे काढला. बघते तर कणा नागमोडी, आणि मधला एक मणका अर्धाच! विटांच्या रांगेत पाचर ठोकावी तसा. बाकीचे मणके बिचारे उलट्या बाजूला झुकून माझं डोकं मध्यावर ठेवायची कसरत इतकी वर्षं करत होते. डॉक्टरांनी स्क्रीनवर दोन रेघा मारून कोन मोजला, ३२ अंश. याला कॉब कोन म्हणतात. १० अंशांच्या पुढे गेला की स्कोलिओसिस. "जन्मजात आहे," डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंडंही गर्भात त्याच सुमारास घडू लागतात, म्हणून सोनोग्राफी करायला लावली. दोन्ही जागेवर निघाली. २००३ साली नोकरीसाठी काढलेला छातीचा एक्स-रे माळ्यावर सापडला, त्यातही वळण जवळपास तेवढंच. म्हणजे ऑपरेशनची घाई नाही. नियमित व्यायाम, आणि अधूनमधून तपासणी.

मी खुशीत घरी आले. आईने मात्र 'जन्मजात' एवढाच शब्द ऐकला आणि गप्प झाली. रात्री ताट तसंच ठेवून म्हणाली, "माझंच चुकलं गं. तू पोटात होतीस, ग्रहण होतं, आणि मी विळीवर बटाटे चिरले. तुझी आजी केवढी ओरडली होती."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी न्हाऊ घालताना पाठीवरून फिरणारी तिची बोटं, ते सततचं "पोक काढू नकोस"... तो धाक नव्हता, भीती होती. पंचेचाळीस वर्षांची.

ग्रहणाने काही होत नाही, हे तिने मानलं नसतं. म्हणून मी तारखा मांडल्या. ते खग्रास सूर्यग्रहण होतं १६ फेब्रुवारी १९८० चं. माझा जन्म जुलैअखेरचा. मणक्यांची घडण ठरते ती गर्भाच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत. म्हणजे डिसेंबर संपता संपता माझा तो मणका अर्धा राहूनही गेला होता. बटाटे दीड महिन्यानंतरचे!

आईने बोटांच्या पेरांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. "डिसेंबरात तर मी घरात कुणाला सांगितलंही नव्हतं," ती हळूच म्हणाली. मग ताट पुढे ओढून जेवली.

असो. मी रोज सकाळी व्यायाम करते, खांदा आहे तिथेच आहे. परवा टीव्हीसमोर चक्क पोक काढून बसले होते. आईने पाहिलं. वाटलं, आता पालुपद सुरू! पण काही बोलली नाही. आतून उशी आणली आणि माझ्या पाठीशी ठेवली.