साच्या शेजारी पंचम

लंडनच्या पश्चिम भागात, नॉटिंग हिलजवळच्या एका हॉलमध्ये मी स्टीलपॅन शिकायला जाते. लहानपणी पेटी शिकले होते, त्या बळावर नाव घातलं. टेनर पॅनसमोर उभी राहिले आणि काही म्हणता काही उमजेना. तेलाच्या पिंपाचं तोंड ठोकून खोलगट केलेलं, त्यावर लहानमोठे फुगवटे गोलाकार मांडलेले. सा सापडला. शेजारी रे असणार म्हणून रबर लावलेली काठी टेकवली, तर पंचम वाजला. दुसऱ्या बाजूला मध्यम. रे होता पंचमाच्या पलीकडे, त्याच्यापुढे धैवत!

नोटेशन मागितलं, तर ते कुणाकडेच नव्हतं. शिकवणारे काका ट्रिनिदादहून तरुणपणी इथे आलेले. "हात बघ, कान दे," एवढंच म्हणाले. छोटासा तुकडा वाजवायचे, मला जमेपर्यंत पुन्हा पुन्हा, न कंटाळता. घरी येऊन वहीत गोल काढला आणि त्यावर म, सा, प, रे, ध, ग, नी असे सूर मांडले, तेव्हा लख्ख दिसलं, हा तर षड्ज-पंचम भाव! एक फुगवटा वाजला की शेजारचाही थोडा थरथरतो, म्हणून शेजार जुळणाऱ्या सुरांचा हवा. ही मांडणी ट्रिनिदादच्या अँथनी विल्यम्स यांच्या नावावर आहे. कुठल्याही संगीतशाळेत न शोधलेली ही गोष्ट आहे, आणि मला ती थोर वाटते.

चहाच्या वेळी काका मागचं सांगतात. ब्रिटिश अंमलात, 1880च्या दशकात ट्रिनिदादमध्ये ढोलांवर बंधनं आली. लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, पुढे बिस्किटांचे डबे, मग तेलाची पिंपं. 1951च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'साठी तिथला वाद्यवृंद लंडनला आला. त्यातले स्टर्लिंग बेटनकोर्ट इथेच राहिले. 1958 साली नॉटिंग हिलमध्ये कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. त्याला उत्तर म्हणून पुढच्याच जानेवारीत कार्यकर्त्या क्लॉडिया जोन्स यांनी सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये कॅरेबियन कार्निव्हल भरवला. 1966 साली नॉटिंग हिलमध्ये रस्त्यावर झालेल्या उत्सवात रसेल हेंडरसन आणि साथीदार गळ्यात पॅन अडकवून वाजवत निघाले, आणि लोक मागून चालू लागले.

ब्रिक्स्टनच्या 'ब्लॅक कल्चरल अर्काइव्ज'मध्ये अशा इतिहासाची कागदपत्रं जपली जातात, ते फार मोलाचं काम आहे. पण वाजवणं हातातून हातातच जातं. ऑगस्टअखेरच्या नॉटिंग हिल कार्निव्हलआधी स्टीलपॅन वाद्यवृंदांची 'पॅनोरमा' स्पर्धा असते. तिथे अख्खी लांबलचक रचना सगळे तोंडपाठ वाजवतात. माझा डावा हात बसवला तो शेजारच्या शाळकरी मुलीनं, आणि तिला शिकवलं होतं तिच्या मावशीनं. मागे 'इंजिन रूम'मध्ये, म्हणजे तालवाद्यांच्या ताफ्यात, गाडीच्या ब्रेकचा लोखंडी ड्रम बडवणारे आजोबा लय जरासुद्धा ढळू देत नाहीत.

हे टिकायला दोन गोष्टी लागतात. एक, हातोडीनं पॅन सुरात लावणारा जाणकार. दुसरी, आवाज चालेल अशी जागा. महाग होत गेलेल्या या वस्तीत दुसरी जास्त अवघड. नव्यानं राहायला आलेल्यांच्या तक्रारी येतात, सरावाची वेळ आखडते. ढोल-ताशा पथकासाठी मैदान शोधत फिरलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. आमचा हॉल संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा राहावा म्हणून सध्या अर्ज फिरतोय. ओळखीच्या मराठी घरांतून सह्या आणायचं काम मी घेतलं आहे.