टाळ्या वाजवणारे घर : २६/११ आणि थेट प्रक्षेपण

२८ नोव्हेंबर २००८ची सकाळ. मी तिसरीत होतो. मुंबईतील नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो पाहून वणीतल्या आमच्या घरात टाळ्या वाजल्या.

पुढे एम.ए.ला असताना कसाब खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा २०१२चा निकाल वाचला. आम्ही पाहत होतो तेच थेट प्रक्षेपण पाहून पाकिस्तानातील सूत्रधार हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. त्यामुळे जवानांची हानी झाली का, हे न्यायालयालाही ठरवता आले नाही. धोका मात्र निःसंशय वाढला होता.

हल्ल्यानंतर भारत-पाकिस्तान संवाद खंडित झाला, एनआयए स्थापन झाली. पण अशा कारवायांच्या थेट प्रक्षेपणावर नियमाने बंदी यायला २०१५ उजाडले.

प्रेक्षक इतिहासाबाहेर असतो, अशी माझी समजूत होती. त्या टाळ्यांनी ती मोडली.