घोडी, खूर आणि मामा

जांब समर्थ म्हटलं की लोकांना रामदास स्वामी आठवतात, १६०८ साली इथेच जन्मलेले. मला आठवते मामांची घोडी. लग्नसराईत वरातीला जाते, बाकी वर्षभर बसून खाते :)

घोडं सांभाळायचं म्हणजे आधी खूर सांभाळायचे. खूर आपल्या नखासारखाच. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. म्हणून दर ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून, कानशीने घासून पुन्हा नाल मारून घ्यायचे.

रोजचं काम मात्र मालकाचं. मामा चारही पाय उचलून खुरातली घाण काढतात आणि चक्क वास घेतात! कुजका वास आला की समजायचं, बांधायची जागा ओली राहतेय. दुखरा पुढचा पाय टेकताना मान झटकन वर जाते. खूर हाताला गरम लागतो. दाणा जास्त झाला तरी खुराला आतून सूज येते. दुर्लक्ष केलं तर आतलं हाड जागा सोडतं, जनावर कायमचं अधू होतं.

ऐन मे महिन्यात, सुपारी घेतलेली असताना घोडी लंगडली. डॉक्टर येऊन विश्रांती सांगून गेले. मी विचारलं, "इंजेक्शन देऊन एक रात्र नाही निघणार?"

"दुखणं झाकतंय ते, जात नाही. डांबरीवर नाचवली तर पायानं जाईल ती."

मामांनी सुपारी परत केली. पैसे आधीच खर्च झाले होते, उसने काढून दिले.

आमच्याकडे रिलीजच्या आदल्या रात्री अलर्ट म्यूट करतात. असो.