तुर्की टोपी आणि निकाहनाम्यातली अट

लाल रंगाची, काळ्या गोंड्याची तुर्की टोपी म्हणजे मुसलमानांची जुनी परंपरा, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. माझ्या आजोबांच्या कृष्णधवल फोटोतही ती आहे. तिचा रंग लाल होता, हे आजीने सांगितलं म्हणून कळलं. पण ही टोपी एकेकाळी परंपरेची नव्हे, तर सरकारी सुधारणेची खूण होती.

उस्मानी सुलतान तिसरा सलीम याने युरोपच्या धर्तीवर नवी फौज उभारली. जुन्या जानिसरी सैन्याने बंड केलं आणि 1807 साली शेख-उल-इस्लामच्या फतव्याने त्याला गादीवरून उतरवलं. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. दुसरा महमूद अठरा वर्षं थांबला. 1826 मध्ये त्याने जानिसरींवर तोफा डागल्या, तेव्हा शेख-उल-इस्लाम आणि उलेमा त्याच्या बाजूने उभे होते. दीन तोच, सल्तनत तीच, पदही तेच. फतवा मात्र उलटा!

1829 साली महमूदने फर्मान काढलं: सरकारी नोकरांनी पगडी सोडून ही टोपी घालावी. पगडीवरून माणसाचा धर्म आणि दर्जा कळे. टोपीखाली मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी कारकून सारखेच दिसू लागले. टोपीला कड नसल्याने सजद्यातही अडचण नव्हती. पुढे 1925 साली अतातुर्कने हीच टोपी मागासलेपणाची खूण म्हणून कायद्याने बंद केली. एका शतकाच्या आत 'नवं फॅड' 'जुनाट' ठरलं.

टोपी बदलणं त्यामानाने सोपं. कायद्याचं काय? अहमद जेवदेत पाशाच्या देखरेखीखाली 1869 ते 1876 या काळात हनफी फिकहमधले व्यवहाराचे नियम कलमवार लिहून काढले गेले. तो ग्रंथ म्हणजे 'मजल्ला'. त्यात 1851 कलमं आहेत. निकाह-तलाकला मात्र हात लावला नव्हता. ते काम 1917 साली झालं. खलिफाच्याच सरकारने कुटुंब कायदा काढला आणि त्यात, हंबली मताचा आधार घेऊन, एक कलम घातलं: नवऱ्याने दुसरं लग्न करू नये, अशी अट बायको निकाहाच्या वेळी घालू शकते. अट मोडली तर तलाक. दोनच वर्षांत इस्तंबूलमध्ये हा कायदा रद्द झाला, पण सीरिया, पॅलेस्टाईन, लेबनॉनमध्ये पुढे चालू राहिला.

त्याच 1919 साली मुंबईत खिलाफत कमिटी स्थापन झाली. खिलाफत वाचवण्यासाठी आपल्या लोकांनी तुरुंगवास भोगला, बायकांनी दागिने दिले. त्या खिलाफतीने बायकांसाठी काय कायदा केला होता, हे मात्र आपल्या जमातींपर्यंत पोहोचलंच नाही.

उस्मानी सुधारणा निर्दोष होत्या, असं मी म्हणत नाही. त्या वरून लादलेल्या होत्या. 1875 साली तर सल्तनतीला कर्जाचे हप्तेही पूर्ण फेडता आले नाहीत. पण दीन राखायचा म्हणून काहीच बदलायचं नाही, हा मार्ग तिथल्या उलेमांनीही नेहमी धरला नाही.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुलीने निकाहनाम्यात हीच अट घालायची, असं सांगितलं. बैठकीतले बुजुर्ग म्हणाले, "बेटी, ही नवी थेरं आपल्यात चालत नाहीत." त्या 'नव्या' गोष्टीला शंभर वर्षं उलटून गेली आहेत. अट लिहिली गेली नाही. निकाह मात्र झाला.